मोठे मातीशिल्प : साचा कशासाठी, कुठवर

वीतभर उंचीची मातीची मूर्ती घडवून भाजणे हे कुंभाराच्या घरचे नेहमीचे काम आहे. तीच मूर्ती पुरुषभर उंच करायची म्हटली, की माती, हवा आणि आग या तिघांचे नियम एकदम जाचक होतात. सुकताना तडे जातात, भट्टीत पाय वाकतात, महिनोन्‌महिने राबून उभे केलेले धड पहिल्या रात्रीच्या आगीत फुटते. तरीही माणसाने हा हट्ट अडीच हजार वर्षे सोडलेला नाही. चीनमधले सैनिक, इटलीतले देव, लंडनचा सिंह आणि तमिळनाडूतले घोडे ही त्याच हट्टाची फळे आहेत.

या प्रवासात साचा पुन्हा पुन्हा भेटतो. हाताने घडवले ते अस्सल आणि साच्यातून निघाले ते कारखान्याचे, असा समज मात्र आपल्याकडे घट्ट बसला आहे. मोठ्या भाजीव शिल्पांचा इतिहास आणि त्यामागचे विज्ञान शेजारी ठेवून पाहिले, तर हा समज टिकत नाही. या आकाराच्या कामात साचा नकला काढण्यासाठी जितका वापरला गेला, त्याहून जास्त तो काम आगीतून वाचवण्यासाठी उपयोगी पडला. हे कसे झाले आणि साच्याची हद्द कुठे संपते, याचा हा आढावा.

आकार वाढला की काय बदलते

हाताने मळता येईल अशा ओल्या मातीत वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास पाणी असते. शंभर किलो मातीच्या शिल्पातून वीसेक किलो पाणी बाहेर पडायचे असते. पाणी गेले की मातीचे कण जवळ येतात आणि काम आक्रसते. भट्टीत ते आणखी आक्रसते. स्टोनवेअरच्या, म्हणजे उच्च तापमानाला भाजायच्या, मातीची एकूण घट लांबीत १२ टक्के धरली, तर भाजून १८० सेंटिमीटर उंच हवा असलेला पुतळा ओल्या मातीत सुमारे २०५ सेंटिमीटरचा करावा लागतो. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून १२ टक्के गेले की घनफळ जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. एवढी हालचाल शिल्पाच्या सगळ्या भागांत एकाच वेगाने झाली, तर काही बिघडत नाही. कुठे आधी आणि कुठे नंतर झाली, की तडा ठरलेला.

आधी-नंतर होण्याचे मुख्य कारण जाडीतला फरक. बोटे सुकून कडक होतात तेव्हा मनगट ओलेच असते. कानाची पाळी पांढरी पडते, पण मान अजून गडद असते. लहान मूर्तीत हा फरक काही तासांचा असतो, मोठ्या कामात तो आठवड्यांवर जातो. म्हणून अनुभवी कारागीर पातळ भाग ओल्या फडक्याने आणि प्लॅस्टिकने झाकून ठेवतात आणि जाड भागांना आधी हवा लागू देतात.

आग याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. मातीच्या पोटात ओल राहिली असेल, तर शंभर अंशांना तिची वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. वाट मिळाली नाही तर भिंत फोडून निघते. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघते. ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ते एकदम फुगतात. भट्टी थंड होताना त्याच अंशांना ते पुन्हा आकुंचन पावतात. मोठ्या शिल्पाची एक बाजू ५७३ अंश ओलांडून गेलेली आणि दुसरी अजून मागे असेल, तर एकाच भिंतीत ओढाताण सुरू होते. थंड होताना गेलेल्या तड्याच्या कडा धारदार असतात, त्यावरून तो कधी गेला हे जाणकार ओळखतात.

यावर दोन उपाय सर्वत्र सापडतात. पहिला उपाय मातीचा. आधीच भाजलेल्या मातीची भरड, म्हणजे ग्रॉग, कच्च्या मातीत मिसळली की घट कमी होते आणि वाफेला बारीक वाटा मिळतात. आपले कुंभार लीद, राख किंवा भाताचे तूस मिसळतात, त्यामागेही हीच समज आहे. दुसरा उपाय बांधणीचा : आतून पोकळ आणि सगळीकडे सारख्या जाडीची भिंत. साचा लागतो तो इथे.

साच्याचे काम जवळून

प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा मातीच्या कामाला मानवतो, कारण तो पाणी पितो. जिप्सम साधारण १५० अंशांपर्यंत तापवले की त्यातले बरेचसे पाणी जाते आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी घातले की ती दगडासारखी घट्ट होते, पण तिच्या अंगात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. ओली माती या भिंतीला लागली की तिचे पाणी आत ओढले जाते, माती किंचित आक्रसते आणि आपणहून साच्यापासून सुटते.

पुतळ्याच्या धडाचे उदाहरण घेऊ. मूळ नमुना मातीत घडवताना त्यात पुढची घट धरलेली असते. साच्याचे तुकडे कुठे वेगळे होणार याच्या रेषा आधी आखतात. काखेत, हनुवटीखाली, वस्त्राच्या खोल चुणीत साचा अडकतो, म्हणून तिथे वेगळा तुकडा पाडावा लागतो. धडाचे पुढचे आणि मागचे असे दोन मोठे साचे झाले, की लाटलेल्या मातीचे दोनेक सेंटिमीटर जाडीचे पत्रे आत बसवतात. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढवून मुठीने, मग वाळूच्या पिशवीने दाबतात. बोटांनी दाबले तर बोटागणिक खळगा पडतो आणि जाडी बिघडते. भिंत पूर्ण झाली की आतून मातीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या घालतात. त्यांची जाडी भिंतीइतकीच ठेवतात आणि प्रत्येक पट्टीला भोक पाडतात, म्हणजे कोणत्याही कप्प्यात हवा कोंडत नाही.

खरी कसोटी दोन अर्धुके जोडताना लागते. दोन्हींची ओल सारखी हवी. काठांवर काट्याने आडवे-तिडवे ओरखडे काढतात, त्याच मातीची पातळ लेवी लावतात, साचे एकमेकांवर बसवून पट्ट्यांनी आवळतात आणि आत हात घालून सांध्यावर मातीची वळी दाबतात. एक अर्धे जास्त सुकलेले असेल, तर सांधा त्या दिवशी धरलेला दिसतो आणि भट्टीत उघडतो. साचा लवकर काढला तर धड बसते. उशीर केला तर आक्रसणारी माती साच्याच्या उंचवट्यांना अडून फाटते. प्लास्टरचा टवकाही मातीत जाता कामा नये. भाजल्यानंतर तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि वरची खपली उडवतो.

दुसरी रीत पातळ माती ओतण्याची. सोडियम सिलिकेटसारखे द्रव्य थोडेसे मिसळले की कमी पाण्यातही माती वाहती होते. ती साच्यात ओततात, भिंतीला हवा तेवढा थर धरला की उरलेली काढून घेतात. बारीक तपशील आणि एकसारखी जाडी यांत या रीतीला तोड नाही. मात्र थराची जाडी दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट लागतो, साच्यातल्या पातळ मातीचे वजन सांधे उघडू पाहते आणि भरड ग्रॉग त्यात तळाशी बसते. त्यामुळे खूप मोठ्या शिल्पांसाठी माती दाबून भरण्याची जुनी रीतच आजही जास्त भरवशाची ठरते.

इतिहासाने दिलेली उत्तरे

चीनमध्ये शीआनजवळच्या लिंटोंग इथे १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीच्या सैनिकांचे तुकडे सापडले. इसवी सन पूर्व २१० मध्ये मरण पावलेल्या छिन सम्राटाच्या समाधीजवळ सुमारे आठ हजार पुतळे पुरलेले असावेत असा अंदाज आहे. पुतळे माणसाच्या उंचीचे किंवा त्याहून थोडे मोठे आहेत. धड बहुतांशी मातीच्या वळ्या रचून उभारले आहे. डोके मात्र दोन साच्यांत दाबून केलेले, एक पुढचा आणि एक मागचा, आणि सांधा कानांच्या पुढून किंवा मागून नेलेला. कान, केसांचा बुचडा, मिशा नंतर हाताने लावल्या, भुवया आणि ओठ कोरले. साच्यामुळे डोक्याची भिंत आणि माप आटोक्यात राहिले, चेहरा हाताने वेगळा झाला. डोके धडापासून वेगळे भाजल्यामुळे मानेची नाजूक जागाही आगीतून सुटली. अनेक पुतळ्यांवर कारागिरांची नावे कोरलेली किंवा ठसवलेली सापडली आहेत.

इटलीत एट्रुस्कन लोकांनी साच्याऐवजी कापण्याचा मार्ग धरला. चेर्वेतेरी इथली, इसवी सन पूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीची, दांपत्याची शवपेटी रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. पती-पत्नी मेजवानीच्या आसनावर रेलून बसले आहेत. ही पेटी तुकड्यांत विभागून भाजली आणि मग जुळवली. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या लूका देल्ला रोब्बियाने भाजलेल्या मातीवर कथिलाची पांढरी झिलई चढवली. पिस्तोइया इथले त्याचे मेरी आणि एलिझाबेथ यांच्या भेटीचे शिल्प चार तुकड्यांत भाजलेले आहे, आणि तुकड्यांची हद्द शरीराच्या व वस्त्राच्या रेषांत मिसळून गेली आहे. त्याच घराण्याच्या कार्यशाळेत मेरी आणि बालयेशूच्या उठावशिल्पांसाठी साचे वापरले गेले.

जर्मनीतल्या मायसेनच्या पोर्सिलेन कारखान्याची कथा इशारा देणारी आहे. ड्रेस्डेनच्या जपानी महालासाठी राजा ऑगस्टसला चिनी मातीचे मोठाले प्राणी हवे होते. १७३१ साली योहान योआखिम केंडलर कामावर आला आणि सिंह, बोकड, गिधाडे साकारू लागला. साचे उत्तम होते, शिल्पकार असामान्य होता, माती मात्र या आकारासाठी तयार नव्हती. भाजताना पोर्सिलेन खूप आक्रसते आणि तापमान चौदाशे अंशांपाशी गेले की मऊही पडते. प्राण्यांच्या अंगावर तडे गेले. रंगासाठी पुन्हा भट्टीत घालण्याची हिंमत होईना, म्हणून काही प्राणी पुन्हा न भाजता तैलरंगांनी रंगवले गेले. संग्रहालयांतल्या या प्राण्यांच्या अंगावर ते तडे आजही दिसतात. चांगला साचा चुकीच्या मातीला तारू शकत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

लंडनच्या एलिनॉर कोड या उद्योजिकेने १७६९ पासून लँबेथमध्ये त्याच प्रश्नाचे सर्वांत यशस्वी उत्तर काढले. तिच्या ‘कोड स्टोन’ला नावात दगड असला तरी ती भाजलेली माती होती : चिकणमातीत आधी भाजलेल्या मातीची भरड, गारगोटीची पूड, वाळू आणि काचेचा चुरा. भरडीमुळे घट कमी झाली, काचेमुळे अंग घट्ट झाले. ही माती प्लास्टरच्या साच्यांत हाताने दाबून भरत आणि चार दिवस-रात्र भाजत. कोड १८२१ साली वारली, पण कारखाना चालू राहिला आणि १८३७ साली विल्यम वुडिंग्टनने घडवलेला सिंह त्यातूनच बाहेर पडला. थेम्सकाठच्या एका दारूभट्टीवर तो पहिल्यांदा उभा राहिला आणि आता वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी आहे. तो वेगवेगळ्या भागांत करून लोखंडी सांगाड्यावर जुळवलेला आहे. लंडनची थंडी, पाऊस आणि धूर झेलूनही त्याची आयाळ रेखीव राहिली आहे.

साच्याविना उभे राहिलेले

साच्याशिवाय मोठे काम होत नाही असे म्हणणे तमिळनाडूच्या अय्यनार घोड्यांवर अन्याय होईल. गावाच्या वेशीवरच्या या देवासाठी वेळार कुंभार दोन-तीन पुरुष उंचीचे घोडे घडवतात. आधी चार पाय पोकळ नळकांड्यांसारखे उभे राहतात. ते थोडे ताठर झाले की त्यांच्यावर पोट, मग मान, मग डोके वळ्यांनी चढते. मातीत वाळू आणि तूस असते. घोडा हलवायचा प्रश्नच येत नाही. तो जिथे उभा असतो तिथेच त्याच्याभोवती तात्पुरती भट्टी रचून गवत, लाकूड आणि शेणी यांनी भाजतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने हातालाच मापाची जाण आली आहे, म्हणून साच्याची गरज भासत नाही.

आधुनिक काळात जून कानेको या जपानी-अमेरिकन कलाकाराने १९८२-८३ मध्ये ओमाहाच्या वीटभट्टीत कित्येक टन वजनाची बंद आकाराची शिल्पे हाताने बांधली. त्यांची भिंत जाड आहे, पण सगळीकडे सारखी आहे, आणि सुकवण्याला व भाजण्याला त्याने घाई केली नाही. कॅलिफोर्नियाच्या व्हायोला फ्रेने अजस्र स्त्री-पुरुष हाताने घडवले, तुकड्यांत कापून भाजले आणि एकावर एक रचले. १९७१ पासून पुद्दुचेरीत डेबोरा स्मिथबरोबर गोल्डन ब्रिज पॉटरी चालवणाऱ्या रे मीकरने कच्च्या विटांची अख्खी घरे आतून आग लावून भाजून पाहिली. यांतल्या अनेकांनी साच्याचा एखादा गुण, सारखी जाडी किंवा विचारपूर्वक पाडलेले तुकडे, वेगळ्या वाटेने मिळवला.

मग साचा कधी निवडावा? पहिले कारण, शिल्पात गुंतागुंतीचे शरीर असेल आणि भिंत सारखी ठेवणे हाताला शक्य नसेल तेव्हा. दुसरे कारण मला जास्त मोलाचे वाटते : साचा दुसरी संधी देतो. हाताने घडवलेले मोठे शिल्प भट्टीत फुटले तर महिन्यांचे काम गेले. साचा असेल, तर दोष मातीत होता की सुकवण्यात, हे शोधून तेच धड पुन्हा भरता येते. प्रयोगाला लागणारे धैर्य यातून येते. त्याची किंमतही मोजावी लागते. साच्यातला आकार ठरून जातो, बोटांची ताजी खूण बोथट होते, आणि एकाच शिल्पासाठी मोठा तुकड्यांचा साचा करणे महाग पडते.

भट्टीच्या दाराशी

साच्याचे काम इथे संपते आणि साच्यात जे साधले त्याची परीक्षा सुरू होते. मोठे शिल्प भट्टीत उचलून ठेवणे हीच पहिली जोखीम. म्हणून चाकांवर तळ बाहेर येणारी ट्रॉली भट्टी किंवा वरून टोपासारखी उतरणारी भट्टी वापरतात. काही जण शिल्पाभोवतीच भट्टी बांधतात. शिल्पाचा तळ आक्रसताना सरकला पाहिजे. त्यासाठी खाली वाळूचा किंवा ग्रॉगचा थर पसरतात, किंवा त्याच मातीची एक कच्ची लादी घालतात. ती लादी शिल्पाबरोबर आक्रसते आणि घर्षणाने होणारे नुकसान स्वतःवर घेते. पसरलेल्या हातांना आणि वाकलेल्या अंगाला त्याच मातीचे टेकू देतात, कारण दुसऱ्या मातीचा टेकू वेगळ्या वेगाने आक्रसतो.

तापमान चढवताना शंभर अंशांच्या खाली बराच काळ थांबणे ही सर्वांत स्वस्त खबरदारी. किती थांबायचे, हे शिल्पाच्या उंचीवरून ठरत नाही, सर्वांत जाड जागेवरून ठरते. साच्याने जाडी सारखी दिली असेल, तर हा हिशेब सोपा होतो. ५७३ अंशांच्या आसपास चढताना आणि उतरताना पुन्हा सावकाश. भाजून झाल्यावर तुकडे पोलादी सांगाड्यावर बसवायचे असतील, तर माती आणि पोलाद उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात हे ध्यानात ठेवून सांध्यात लवचीक भरण घालावी लागते आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते.

या सगळ्यासाठी लागणारी जागा आणि यंत्रे एकट्या कलाकाराला परवडत नाहीत. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या कोलर कंपनीच्या कारखान्यात १९७४ पासून कलाकार येऊन कामगारांच्या शेजारी ओतकाम करतात. नेदरलँड्सच्या युरोपियन सिरॅमिक वर्क सेंटरमध्ये साचे, मोठ्या भट्ट्या आणि तंत्रज्ञ एकत्र मिळतात. १९४९ साली मुंबईत जन्मलेली आणि ताग विणून शिल्पे करणारी मृणालिनी मुखर्जी १९९६ मध्ये तिथे गेली आणि तिच्या कलेत मातीचे पर्व सुरू झाले. तिने साच्यापेक्षा हातावर भर दिला, पण मोठी भट्टी आणि जाणकार माणसे जवळ असली की प्रतिभावंताला केवढे बळ मिळते, हे त्यातून कळते. आता संगणकावर नमुना मोजून घट धरून मोठा करता येतो आणि फोमच्या ठोकळ्यातून यंत्राने कोरून त्यावरून साचा घेता येतो. मोजमापाचे कष्ट त्याने वाचतात. मातीचे सुकणे आहे तेवढेच राहते.

आपल्याकडे काय आहे

महाराष्ट्राला साचा नवा नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या बारीक नक्षीच्या मूर्ती सापडल्या. त्या दुहेरी साच्यात दाबून, आतून पोकळ केलेल्या आहेत. दोन अर्धुके, पातळ भिंत, मधला सांधा : मोठ्या शिल्पाचे सगळे व्याकरण या लहान मूर्तींत आहे.

आज साच्याची सर्वांत मोठी जाण पेणच्या आणि आसपासच्या गावांच्या गणपती कारखान्यांत आहे. अंडरकट, म्हणजे साचा अडकणारी खाच, कुठे येईल, सोंडेचा तुकडा कसा सुटेल, शाडूत कापूस किती कुटायचा, हे तिथल्या कारागिरांना पाठ आहे. फक्त या मूर्ती भट्टीत जात नाहीत. पीओपीसाठी वापरले जाणारे रबरी साचेही जसेच्या तसे चालणार नाहीत, कारण रबर पाणी पीत नाही. पण प्लास्टरच्या साच्यात शाडू दाबून भरणारा हात भाजीव कामासाठी जवळजवळ तयार हात आहे. दुसरीकडे भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ, धारावीचा कुंभारवाडा, कलाशाळांचे मातीकाम विभाग इथे आगीची जाण आहे. साचा जाणणारे आणि आग जाणणारे यांची गाठ क्वचितच पडते.

ही गाठ घालून देणे अवघड नाही. ट्रॉलीची एक मोठी सामाईक भट्टी, प्लास्टरच्या साच्यांची कार्यशाळा आणि स्थानिक मातीची घट मोजून ठेवणारी छोटी प्रयोगशाळा एका आवारात असली, तर आपल्या चौकांत आणि बागांत फायबर व सिमेंटऐवजी भाजलेल्या मातीची शिल्पे उभी राहू शकतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे युरोपात मातीच्या छिद्रांत गोठणारे पाणी जे नुकसान करते, त्याची भीती इथे नाही. पावसाळ्यासाठी पुरेसे भाजलेले अंग आणि पाणी निथळणारी बांधणी एवढे सांभाळले तरी पुष्कळ.

मोठ्या मातीशिल्पात कलाकाराची कल्पना, साच्याची शिस्त, मातीचा कस आणि भट्टीचा संयम यांतले एकही उणे चालत नाही, हे लिंटोंगपासून लँबेथपर्यंतच्या कामांनी दाखवले आहे. साच्याला नकलेचा डाग लावून दूर ठेवणारी कलाशाळा विद्यार्थ्याच्या हातातले एक मोठे साधन काढून घेते. मातीकामाच्या अभ्यासक्रमात साचा बनवणे हा कारखान्याचा विषय म्हणून न शिकवता शिल्पकलेचा विषय म्हणून शिकवायला हवा, आणि शिकवायला पेणचे कारागीर बोलवायला हवेत.